सात वाजताची रिंग

मी खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. आलेल्या मालाचं चलान वाचायचं, गोणी काट्यावर चढवायची, खोकं फोडून आतले नग मोजायचे आणि मगच सही करायची, हे माझं काम. वर्षानुवर्षं हेच केल्यावर तो माणसाचा स्वभावच होऊन बसतो. बायको म्हणते, "तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा काट्यावर ठेवाल." अजून ठेवलेला नाही. पण पुडी हाताला हलकी लागली की मनात येतं, हे कबूल करतो.

त्यामुळे आईच्या फोनची कंपनी बदलायची वेळ आली, तेव्हा ते काम दुसऱ्या कुणावर सोडणं मला जमणारं नव्हतं.

आई पोशीरला एकटी राहते. वडील गेल्यावर तिला खोपोलीला आणून बघितलं. आमच्या दोन खोल्यांत ती पंधरा दिवस पाहुण्यासारखी बसून राहिली आणि सोळाव्या दिवशी पिशवी भरून दारात उभी राहिली. दोन एकर भातशेती, भात निघाल्यावर त्याच जमिनीत पेरलेला वाल, चार कोंबड्या आणि शेजारपाजार, एवढ्यावर तिचं छान चालतं. माझ्या घरापासून तिच्या घरापर्यंत मोटारसायकलनं तासाभराचा रस्ता. तास म्हणजे काही फार नव्हे. पण तो तास मला महिना महिना सापडायचा नाही.

त्या तासाच्या जागी आमची एक रिंग होती. रोज सकाळी सात वाजता आईचा मिस्ड कॉल यायचा. एक पूर्ण रिंग आणि कट. त्याचा अर्थ, मी बरी आहे. लागोपाठ दोनदा वाजला तर अर्थ, तू फोन लाव. घरात पहिला मोबाईल आला तेव्हा प्रत्येक कॉलचे पैसे पडायचे, तेव्हाचा हा ठराव. मिस्ड कॉल उचलायचा नाही, हा त्यातला मुख्य नियम. एकदा चुकून माझं बोट लागलं आणि फोन उचलला गेला, तर पलीकडून आई ओरडली होती, "अरं, उचललास कशाला? पैसं गेलं की!" पुढं कॉल फुकटात जमा झाले, तरी आम्ही मायलेक रिंगवरच राहिलो. फक्त रविवारी संध्याकाळी मी फोन लावायचो आणि पाच-दहा मिनिटं बोलणं व्हायचं. ती सातची रिंग आली की माझा दिवस मोकळा व्हायचा. ती तुटू नये, एवढीच माझी कंपनीकडून अपेक्षा होती.

आणि कंपनीनं तेवढंच नेमकं धोक्यात आणलं. आईला पुरणारं सगळ्यात लहान रिचार्ज त्यांनी गुपचूप काढून टाकलं. आता जे उरलं त्यात रोजचं इंटरनेट, सिनेमे, गाणी आणि आणखी काय काय. आईचा फोन बटणांचा. ते इंटरनेट ती काय चुलीत घालणार होती? मुदत संपायच्या आठवडाभर आधीपासून त्यांचे मेसेज सुरू व्हायचे, सेवा बंद होईल, कॉल बंद होतील. मी चौकशी केली तर कळलं, मुदत संपली की आधी जाणारे कॉल बंद होतात आणि येणारे नंतर. म्हणजे पहिला घाव माझ्या सातच्या रिंगवरच.

मग मी साधी, बिनभपक्याची कंपनी शोधायला लागलो. नुसतं बोलायचं, बाकी काही नको. पण जाहिरात बघितली की तिच्यात एक चांदणी सापडायची, आणि त्या चांदणीचा अर्थ खाली मुंगीएवढ्या अक्षरांत दिलेला असायचा. महिना म्हणतात आणि अठ्ठावीस दिवस देतात. आमच्याकडे एखाद्यानं गोणीत असा कमी माल भरून आणला असता, तर मी ट्रक फाटकातूनच परत पाठवला असता. जेवढी कंपनी स्वस्त, तेवढा माझा संशय जास्त. हे लोक खातात कशावर, हा प्रश्न मी कारखान्यात इतक्यांना विचारला की मला बघून लोक चहाची टपरी बदलायला लागले.

हे चाललेलं असतानाच एका सकाळी आईचा मिस्ड कॉल दोनदा वाजला.

मी फाटकावर होतो. काट्यावर ट्रक उभा होता आणि त्याच्या ड्रायव्हरशी माझी हुज्जत चालली होती. दोनदा म्हणजे लाव, हे कळत होतं. पण दोनदा वाजणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हतं. एकदा शेजारची गाय व्याली तेव्हा वाजलं होतं, एकदा शेगडीचा गॅस संपला तेव्हा. मी तासाभरानं लावला, तर "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे." त्यात नवल नव्हतं. आईच्या घरात रेंजच नाही. ती येते फक्त घरामागच्या खळ्याच्या कोपऱ्यात, पेंढ्याच्या उडवीजवळ. तिथं उभं राहूनच ती रोज रिंग द्यायची. दुपारी लावला, तेच. संध्याकाळी लावला, तेच.

आणि मग माझं डोकं चालायला लागलं. अनोळखी नंबरवरून मिस्ड कॉल देऊन लोकांना उलट फोन लावायला भाग पाडतात, हे मी ऐकलेलं होतं. मग ज्या कंपनीच्या हातात आईचा नंबरच आहे, तिला एक जास्तीची रिंग सोडायला काय लागतं? दुसऱ्या दिवशी सकाळी शहाण्यासारखी एकच रिंग आली आणि माझी खात्री पटली. आई बरी आहे, बदमाश कंपनी आहे. मी ग्राहक सेवेला फोन केला, चार बटणं दाबली, गाणं ऐकलं आणि शेवटी एक मुलगी आली तिला सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, "सर, कॉल आपोआप जात नाही. कुणीतरी लावला असेल म्हणूनच आला असेल ना?" मी म्हटलं, "मला शिकवू नका." आणि फोन ठेवला. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्यानंतर रिंग बिघडली. सातला येणारी ती कधी सव्वासातला, कधी वीस मिनिटांनी यायला लागली. आणि आई पूर्ण रिंग देते, ही अर्धीच वाजायची. माणसाच्या हातात काटा असला की अशा गोष्टी सुटत नाहीत. मी कॅलेंडरवर रोजची वेळ लिहायला लागलो. हा सगळा कंपनीविरुद्धचा पुरावा होता.

कळंबकडे जाणाऱ्या रिक्षा नेरळला जिथं उभ्या राहतात, तिथं एका बाईंचं मोबाईलचं छोटं दुकान आहे. एका सुट्टीच्या दिवशी मी तिथं गेलो. नेरळपर्यंत गेलो आणि दोन-अडीच कोसांवरच्या आईकडे गेलो नाही. पाहुणे जेवायला यायचे होते, असं मी स्वतःला सांगितलं. बाईंनी एका कंपनीचं नाव घेतलं. म्हणाल्या, "नुसते कॉल. फार दिखावा नाही, ऑफिसं नाहीत, जाहिराती नाहीत, म्हणून स्वस्त. पोशीरकडे बऱ्याच जणींनी घेतलंय."

"यात तुमचं काय सुटतं?" मी विचारलं.

"फार नाही. मी चहा पण विकते," त्या म्हणाल्या.

"उद्या दर वाढवले तर?"

"तर परत बदला. मी काय मंगळसूत्र बांधतेय का?"

मी आणखी संशयानं बघितलं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, पण सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांना समोर आणायला लागेल, त्यांचा फोटो घ्यायला लागतो, असं त्यांनी सांगितलं.

त्या रविवारी मी आईला म्हटलं, "एक दिवस नेरळला ये. मी पण येतो. सिम बदलू."

आई म्हणाली, "आता नको रं. वाल तोडाय आलाय."

पुढच्या रविवारी म्हणाली, "कोंबड्या अंड्यांवर खुडूक बसल्यात, सोडून कशी येऊ?" आवाज जरा धापेचा होता. आणि मागं एक पुरुषाचा आवाज आला, "हळू, हळू." मी विचारलं, "कोण आहे गं तिथं?" तर म्हणाली, "कोन नाय. बॅटरी उतरली, ठेवते." दोन मिनिटंही बोलली नाही.

आई बाजारात जायला नको म्हणते? नेरळच्या बाजारात जाऊन भाजीवालीशी भांडण केल्याशिवाय जिचा आठवडा जात नव्हता, ती? आणि हा पुरुष कोण? आमच्या पट्ट्यात जमिनीचे भाव कुठं गेलेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. कळंबच्या बाजूला शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी रिसॉर्टं उठली आहेत आणि दलाल भातखाचरांच्या बांधावर पांढऱ्या बुटांनी फिरतात. आमच्या शेजाऱ्यानं आपला तुकडा असाच विकून टेंपो घेतलेला. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा, लहानपणी एकत्र खेळलेलो आम्ही. त्याची बायको, आमची वहिनी, दिवसातून दहादा आईकडे ये-जा करते. आजवर मला तो आधार वाटायचा. आता वाटलं, ही एवढी येते कशाला? आईला सहीसुद्धा धड येत नाही, अंगठा उठवते. कुणी कंपनीचा कागद म्हणून भलताच कागद पुढं केला तर? सिम बदलायचं निमित्त काढून मीच तर कुणाच्या तरी हातात कल्पना दिली नाही?

बायको म्हणाली, "एवढं वाटतंय तर जाऊन या ना."

"सांगून गेलो तर सगळे सावध होतील," मी म्हटलं. तिनं कपाळाला हात लावला.

दोन दिवसांनी मी रजा टाकली आणि पहाटेच निघालो. थंडी कडक होती. कर्जत मागं टाकलं तेव्हा उजाडलं आणि नेरळला पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. रिंग आलेली नव्हती. पोशीरात शिरून घरामागच्या पायवाटेनं गाडी घेतली, म्हणजे समोरून कुणाला दिसू नये. वाटेत आमचं शेत लागलं. वाल तसाच उभा होता, शेंगा वाळायला लागलेल्या. एक शेंगसुद्धा कुणी तोडलेली नव्हती.

खळ्याच्या अलीकडे गाडी बंद केली आणि खिशात फोन वाजला. अर्धी रिंग, कट. पडद्यावर 'आई'. मी मान वर केली. पेंढ्याच्या उडवीजवळ, पदर डोक्यावरून घेऊन, आईचा फोन हातात धरून शेजारची वहिनी उभी होती.

मला जे काही बोलायचं होतं ते मी कित्येक दिवस मनात घोळवलेलंच होतं. ते सगळं एकदम बाहेर आलं. "आईचा फोन तुमच्याकडे कसा? कधीपासून चाललंय हे? कुठल्या कागदावर अंगठा घेतलात तिचा?"

वहिनी आधी दचकली. मग तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी अजूनही ते आठवायचं टाळतो.

"वरडू नका भावजी," ती म्हणाली. "आत्ता कुटं त्यांचा डोळा लागलाय. रातभर ठणका व्हता."

मग उडवीजवळ उभ्या उभ्याच तिनं सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी आई सकाळी रिंग द्यायला खळ्यावर आली, दवानं पेंढा निसरडा झालेला, पाय गेला आणि ती कमरेवर पडली. वहिनीनं आणि तिच्या नवऱ्यानं उचलून आत नेलं, टेंपोत गादी टाकून नेरळच्या डॉक्टरांकडे नेलं, एक्स-रे काढला. हाड मोडलं नव्हतं, चीर गेली होती. दीड महिना खाटेवरून उठायचं नाही. तेव्हापासून आईची आंघोळ, जेवण, कोंबड्या, सगळं वहिनी बघत होती. "मी म्हनलं, भावजींना कळवू. तर त्यांनी माझ्या पोरांची शपथ घातली. म्हनल्या, सकाळची येक रिंग तेवडी देत जा, नायतर त्यो काम टाकून येल. माजी कामं उरकून येईस्तवर उशीर व्हतो."

"आणि रविवारी?" मी विचारलं. "रविवारी तर ती बोलते."

"खुर्चीत बसवून आमी दोघं उचलून आनतो हितवर. हे मागून धरत्यात."

हळू, हळू. तो आवाज टेंपोवाल्याचा होता.

मी आत गेलो. आई जागी झाली होती. ती खाटेवर इतकीशी दिसत होती, की मला दारातच थांबावंसं वाटलं. मला बघून तिला आनंद झाला नाही, ती घाबरली.

"का आलास रं? रिंग नाय आली का?"

"आली."

"मंग?"

रिंग आली म्हणजे यायची गरज नाही, हे मीच तिला इतकी वर्षं शिकवलं होतं. मी खाटेच्या कडेला बसलो आणि रागावलोच, कारण मला दुसरं काही येत नाही. म्हटलं, "आपलं ठरलेलं होतं ना? काही झालं तर दोनदा वाजवायचं. मग एकदा तरी वाजवायचंस."

"वाजवलं की," आई म्हणाली. "पडले तवा, पडल्या पडल्याच दोनदा वाजवलं. फोन हातातच व्हता. मंग वाट बघितली जरा. तू कामात आसशील."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. मी काट्यावरच्या ट्रकशी भांडत होतो तेव्हा ती दवात पडून माझ्या फोनची वाट बघत होती, आणि तिनं खरी मारलेली हाक मी कंपनीची लबाडी म्हणून ठरवून टाकली. मग दुसऱ्या बाईनं दिलेली खोटी रिंग मात्र रोज सही करून घेत राहिलो. एवढं सगळं तपासलं, चांदण्या वाचल्या, वेळा लिहिल्या, पण ते खोकं फोडून आत बघायचं काही मला सुचलं नाही. मला लाज वाटली. ती ग्राहक सेवेची मुलगी आठवली, कुणीतरी लावला असेल म्हणूनच आला असेल ना, म्हणणारी.

वहिनीची माफी मागायला मी स्वयंपाकघरात गेलो. नीट जमली नाही. ती म्हणाली, "च्या घ्या आधी. साखर कमी टाकलीय, तुमची आई मला सांगते तुमाला चालत नाय म्हनून."

पाच-सहा दिवस मी तिथंच राहिलो. कंपनी निवडायचं काम राहिलंच होतं, पण आता निवडायची रीत बदलली. कुठलं स्वस्त आणि कुणाची चांदणी लहान, हे राहिलं बाजूला. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन मागून आणले आणि एकेक करून आईच्या उशाशी धरले. खळ्यावर नव्हे, खाटेवर कुणाला रेंज येते ते बघायचं होतं. मोठ्या कंपन्यांचे भारी फोन मुके राहिले. वहिनीच्या साध्या फोनवर दोन रेघा आल्या. कंपनी तीच, नेरळच्या बाईंनी सांगितलेली. त्या बाई दुकान बंद करून घरी आल्या. फोटो काढताना आई दर वेळी डोळे मिटायची, चौथ्यांदा जमला. जाताना मी विचारलंच, "घरी यायचे किती?" त्या म्हणाल्या, "वालाच्या शेंगा द्या चार." मी त्यांच्यासमोर वजन केलं नाही.

नवीन सिम सुरू झालं आणि मी खोपोलीला परतलो. दुसऱ्या दिवशी बरोबर सातला फोन वाजला. पूर्ण रिंग. मी उचलला.

"अरं, उचललास कशाला?"

"पैसे जात नाहीत आता. बोल."

"काय बोलू? बरी हाय मी."

सकाळी सातला बोलायचं काय असतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मागं कोंबडी ओरडत होती. रोज असंच चाललं. दीड महिना भरला, डॉक्टरांनी काठी घेऊन घरातल्या घरात चालायला परवानगी दिली. त्या सकाळी आई म्हणाली, "चालले आज. दारापरेंत."

"फोन हातात धर आणि आता चाल," मी म्हटलं. "मला काठी ऐकू दे."

"माज्यावर संशय घेतोस व्हय रं?"

"घेतो."

ती पुटपुटली. मग काठीचे ठोके आले. सावकाश, एकेक. मी नऊ मोजले. "झालं समाधान?" ती म्हणाली आणि फोन कट केला.

मी कामावर गेलो, गोण्या काट्यावर चढवल्या, सह्या केल्या. पण खाटेवर बसल्या बसल्या काठी जमिनीवर आपटली तरी आवाज तसाच येणार, हे दुपारी जेवताना माझ्या डोक्यात आलं, ते जाईना. सुटी झाल्यावर घराकडे वळलो नाही. गाडीत पेट्रोल भरलं आणि पोशीरला गेलो.